संध्याकाळी निवडलेला रंग

टण्ण् करून डब्याचं झाकण उडालं आणि घरभर पसरलेली दुपार एकदम दचकली.

मी पेचकस हातात धरून तशीच बसून राहिले. आतल्या खोलीत सासूबाई आणि माझी लेक शेजारीशेजारी झोपल्या होत्या. त्यांच्या त्या झोपेवरच माझी सगळी कामं उरकायची असत. झाकण मात्र थांबायला तयार नव्हतं. मोकळ्या फरशीवरून ते गडगडत निघालं, उंबऱ्यावरून टुणकन उडालं, व्हरांड्याच्या पायऱ्या एकेक करून उतरलं आणि अंगणातून थेट फाटकाबाहेर गेलं. तिथे कुणाच्या तरी बुटाला धडकून त्याने स्वतःभोवती एक गिरकी घेतली, आणि मग कुठे आडवं झालं.

बूट तपकिरी होता. आता त्याच्या टोकावर सायीच्या रंगाचा एक ठिपका होता.

"अहो, सॉरी हं..." मी धावतच बाहेर गेले.

'घर विकणे आहे' या पाटीसमोर एक माणूस उभा होता. त्याने वाकून झाकण उचललं, कडेला धरून, हाताला रंग लागणार नाही असं.

"तुमचंच ना हे? घर विकताय कळल्यावर एकेकाने निघायला सुरुवात केलेली दिसते."

मला हसू आलं. खूप दिवसांनी अनोळखी माणसासमोर असं फसकन हसू आलं.

"घर बघायला आलात का? एजंटने काही फोन केला नाही..."

"बघायला... हो. म्हणजे, घ्यायला नाही." तो जरा गडबडला. "मी लहानपणी इथे राहायचो. पाटी दिसली, म्हटलं एकदा..." मग त्याने स्वतःच्या नाकाला बोट लावलं. "तुमच्या इथे रंग लागलाय."

"नमुना लावून बघतेय," मी म्हटलं. "बरा दिसला तर भिंतींना देणार."

त्याने मान थोडी तिरकी करून माझ्या नाकाकडे अगदी गंभीरपणे बघितलं. "बरा दिसतोय," तो म्हणाला. मग स्वतःच लाजला आणि झाकण माझ्या हातात देऊन टाकलं.

खरं तर 'पुन्हा कधीतरी या' म्हणायला हवं होतं. घरात सगळं सामान मधोमध ओढून चादरी टाकलेल्या, माझ्या ओढणीची चिंधी झालेली. पण जो माणूस कधीकाळी या घरात राहिला त्याला फाटकातून परत कसं पाठवायचं? मी म्हटलं, "या ना आत. फक्त भिंतींना टेकू नका."

बैठकीच्या भिंतीवर मी रंगाचे चौकोन ओढून ठेवले होते. एकाखाली एक, सगळे फिकट. एजंट बाईंनी बजावून सांगितलं होतं, "गडद काही नको. आलेल्या माणसाला त्याचं घर दिसलं पाहिजे, तुमचं नाही." ते वाक्य माझ्या मनात कुठेतरी रुतून बसलं होतं. पण विकायचं तर होतंच. सासूबाईंचे गुडघे जिन्याला कंटाळले होते, नणंदेने तिच्या गावी तळमजल्याचं घर बघून ठेवलं होतं. घर विकलं गेलं की आम्ही तिघी तिकडे जाणार होतो. आम्ही तिघीच. टिकली रांगायला लागायच्या आतच तिच्या बाबाला एका आजाराने नेलं होतं.

टिकली म्हणजे माझी लेक. जिथे चिकटते तिथून निघत नाही म्हणून टिकली.

"यातला कुठला?" मी त्या माणसाला विचारलं. "सकाळपासून बघून बघून माझे डोळेच चालेनासे झालेत. हा 'जुना मोती', हा 'वाळूची कुजबुज', आणि हा..."

"वाळू कुजबुजते?"

"छापलंय तसं. मी नाही ठेवलं नाव."

तो भिंतीसमोर उभा राहिला, आणि एकदम वेगळ्याच, सरावाच्या आवाजात म्हणाला, "बरं. सरळ बघा. हा बरा दिसतो... की हा?"

"हं... पहिला."

"आता हा... की हा?"

"दोन्ही सारखेच."

"आता?"

"अहो, तुम्ही तेच तेच दाखवताय!"

"तेच करतो मी दिवसभर." तो हसला. "बाजारात चष्म्याचं दुकान आहे माझं. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. तुम्हाला निवडायचंच नाहीये."

मी काही बोलणार एवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. "कोण आहे गं? रंगारी आले का?" भिंतीला धरत त्या बाहेर आल्या, चष्मा नीट केला, आणि त्याच्याकडे बघतच राहिल्या. "तू... तू त्या पोस्टमास्तरांचा ना?"

"मावशी, तुम्ही ओळखलंत?"

"न ओळखायला काय झालं? कान तेच आहेत. आम्ही किल्ली घ्यायला आलो त्या दिवशी फाटकाला मिठी मारून भोकाड पसरलं होतंस. तुझ्या वडिलांनी एक हात सोडवला की दुसऱ्याने धरायचास."

"एवढं लक्षात ठेवायची गरज नव्हती हो..."

"गरज कसली! फाटक अजून वाकडं आहे."

तो मान खाली घालून हसत होता, आणि त्याचे ते कान खरंच लाल झाले होते. माझ्या सासऱ्यांनी हे घर त्याच्या वडिलांकडून घेतलं होतं. म्हणजे ज्या जिन्यावर खेळत माझा नवरा लहानाचा मोठा झाला, त्याच जिन्यावर त्याच्याआधी हा पळत होता. मला काय वाटलं ते सांगता यायचं नाही. कुणीतरी जुनं ओळखीचं भेटल्यासारखं वाटलं, एवढं मात्र खरं.

जाताना तो म्हणाला, "उद्या चौकोन वाळलेले असतील. वाळल्यावर रंग बदलतो. बघायला येऊ का?"

"या की," सासूबाई म्हणाल्या. "येताना तो बारका पेचकस आण. माझ्या चष्म्याची दांडी सुटलीय."

मग तो येत राहिला. बाजारात संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आधी त्याला जरा मोकळा वेळ मिळायचा. तो आला की ऊन पश्चिमेच्या खिडकीतून तिरकं आत शिरलेलं असायचं आणि सगळ्या भिंतींवर मधासारखं पसरायचं. आधी तो सासूबाईंचा चष्मा मागून घ्यायचा, खिशातल्या मऊ फडक्याने पुसायचा, उजेडासमोर धरून बघायचा, आणि मगच भिंतीकडे वळायचा. "याला रंगातलं कळो न कळो," सासूबाई म्हणायच्या, "मला मात्र स्वच्छ दिसायला लागलंय हं."

टिकलीने त्याचं नाव चष्माकाका ठेवलं. तो तिला लांब उभी करून भिंतीवरचे चौकोन वाचायला लावायचा.

"वरून पहिला काय आहे?"

"दूध!"

"दुसरा?"

"सांडलेलं दूध!"

"तिसरा?"

"आईने पुसलेलं दूध!"

"नजर उत्तम आहे," तो मला सांगायचा. "आईवर गेलेली नाही."

"आईला काय झालंय?"

"आईला समोरचं दिसत नाही."

हे बोलून तो पटकन चौकोनाकडे वळायचा, जसं काही ते भिंतीविषयीच होतं. आणि मीही भिंतीविषयीच असल्यासारखं उत्तर द्यायची, "दिसतं. पण लगेच बोलून दाखवायची सवय नाही."

रोज आम्ही एकेक रंग बाद करायचो. हा फार पांढरा, हा आजारी, हा कंटाळलेला. बाद करायला कारण मिळालं नाही तर मी शोधून काढायची. नवा डबा आणायची, नवा चौकोन ओढायची. एकदा ब्रश त्याच्या हातात देताना बोटाला बोट लागलं. दोघांनीही ब्रश सोडला नाही... आणि दोघांनीही एकदमच सोडला. ब्रश फरशीवर पडला. टिकलीने टाळ्या वाजवल्या.

तो गेला की मात्र मला उगीचच वाईट वाटायचं. हसू ओठांवर असायचं आणि आत काहीतरी टोचायचं. कपाटातला टिकलीच्या बाबाचा स्वेटर मी अजून कुणाला दिला नव्हता. त्या घराच्या प्रत्येक खोलीत मी त्याची बायको होते. आणि महिना संपायच्या आत एजंट बाई गिऱ्हाईक घेऊन येणार होत्या. मग घरही नाही, ही तिरकी उन्हंही नाहीत, आणि... पुढचं मी मनातसुद्धा म्हणायची नाही.

शेवटी एका संध्याकाळी 'जुना मोती' ठरला. त्या उजेडात तो इतका उबदार दिसत होता, जणू भिंतीच्या आत कुणी दिवा लावलाय.

"हाच," मी म्हटलं.

"हाच?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात आनंद कमीच होता.

"बाद करायला काही उरलं नाही आता."

त्याने हातातला ब्रश डब्यावर आडवा ठेवला. म्हणाला, "चांगला आहे. लवकर विकलं जाईल."

रंगारी आले. पहिला हात झाला, दुसरा हात झाला. बैठक, स्वयंपाकघर, जिना, सगळं 'जुना मोती'. त्या दिवसांत आत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो आला नाही. काम संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई उठून बैठकीत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगं ए, इकडे ये! हे काय करून ठेवलंय?"

मी धावत गेले. पूर्वेकडून कोरा करकरीत उजेड येत होता आणि माझा उबदार मोती त्यात अगदी हिरवट, उपाशी दिसत होता. दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटत होतं.

"आजी, भिंतीला उलटी होणारेय का?" टिकलीने विचारलं.

सासूबाईंनी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ माझ्याकडेच. "एक चष्मेवाला, एक तू. एवढे दिवस दोघं मिळून रंग बघताय," त्या म्हणाल्या, "आणि सकाळी एकदाही बघितला नाहीत?"

मी काय सांगणार होते? प्रत्येक डब्यावर छापलेलं होतं, नमुना सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाहावा. मी ते कितीदा वाचलं होतं. पण सकाळी तो नसायचा. आणि तो नसताना भिंतीकडे बघायचं माझ्या मनातच यायचं नाही.

"आई, मी..."

"गप. फोन लाव त्याला." मग हळूच, माझ्या खांद्यावरची रंगाची खपली नखाने काढत त्या म्हणाल्या, "ओल्या रंगाला हात लावू नये गं, कबूल. पण वाळून इतका काळ झाल्यावरही लांबच उभं राहायचं? माझा मुलगा होता तो. मी सांगतेय ना तुला."

मला त्यांच्याकडे बघवलं नाही. त्यांनीही तोंड फिरवलं होतं, आणि खिडकीबाहेर काहीतरी खूप महत्त्वाचं चालल्यासारख्या बघत होत्या.

तो दुकान उघडायच्या आधीच आला. केस ओले, शर्टाचं एक बटण चुकलेलं. सकाळच्या उजेडात मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. कानाजवळ थोडे पांढरे केस होते, डोळ्यांखाली न झोपल्याच्या खुणा होत्या. संध्याकाळी तो दिसायचा त्यापेक्षा जरा थकलेला, जरा वयाने मोठा... आणि मला तो जास्तच आवडला. माझाही अवतार काही वेगळा नव्हता. तोही बघत होता, आणि नजर काढत नव्हता.

"हिरवा दिसतोय," तो शेवटी म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं का? की सकाळी बघायला हवं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." तो भिंतीकडे वळला नाही. "सांगितलं असतं तर एका दिवसात रंग ठरला असता. आणि मला परत यायला काही कारण उरलं नसतं... पण तुम्हाला नव्हतं का माहीत?"

"डब्यावर लिहिलेलं असतं," मी म्हटलं. "मला वाचता येतं."

दोघंही एकदम हसलो. स्वयंपाकघरात सासूबाईंनी भांडी जरा जास्तच जोरात आपटायला सुरुवात केली.

"एक खोली राहिलीय," मी म्हटलं. "टिकलीची. रंगाऱ्यांना मीच नको म्हटलं होतं."

आम्ही जिना चढलो. टिकली आमच्या मागून, हातात पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन. त्या खोलीत खिडकीशेजारी भिंत घासली होती. वरचा पिवळा निघून खालचा हिरवा दिसत होता, आणि हिरव्याच्या पोटातून थोडासा निळा.

"तो निळा माझा," तो अगदी हळू म्हणाला. "आईने निवडला होता."

"हिरवा हिच्या बाबाचा. शाळेत असताना हट्ट करून लावून घेतलेला. आणि पिवळा..." मी त्या भागावरून बोट फिरवलं. "पिवळा आम्ही दोघांनी. मी पोट घेऊन स्टुलावर बसून हुकूम सोडत होते आणि तो रंगवत होता. यावर तो फिकट रंग ओढायला माझा हातच होत नाही. ही भिंत झाकली की..."

त्याने 'असं नसतं', 'तसं नसतं' काही म्हटलं नाही. खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवत तो नुसता उभा राहिला.

"मावशींनी तुम्हाला अर्धंच सांगितलं," थोड्या वेळाने तो म्हणाला. "मी फाटक सोडत नव्हतो ते खरं. पण बाबांनी नाही सोडवलं मला. तुमचं सामान घेऊन टेम्पो आला, त्यातून एक मुलगा उतरला. माझ्याएवढाच. डोक्यावर खोकं. माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि विचारलं, 'तुझी खोली कुठली?' मी रडत रडत वर बोट दाखवलं. म्हणाला, 'चांगली आहे?' मी म्हटलं, 'खिडकी अडकते. जरा वर उचलून ढकलायची.' त्याने मान हलवली. मग म्हणाला, 'मी नीट ठेवीन. तू येत जा की बघायला.' ...आणि मी फाटक सोडलं."

टिकली घासायची थांबली होती.

"आलो मात्र नाही," तो म्हणाला. "बदलीचं गाव लांब होतं. मग शाळा, मग दुकान... आपल्या हातून राहूनच जातं. आलो तेव्हा..." त्याने माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. "मी तुम्हाला घर विकू नका म्हणणार नाही. जाऊ नका असंही म्हणणार नाही. ही भिंत कुठल्याही रंगाची करा, नाहीतर तशीच राहू द्या. मला फक्त एवढंच सांगायचंय की... सोमवारी माझं दुकान बंद असतं."

"सोमवारी?"

"तुमच्या नव्या गावाला सकाळची गाडी आहे. मी चौकशी केलीय."

मला हसूच आलं. "सोमवारी टिकलीची शाळा असेल," मी म्हटलं. "सासूबाई नणंदेकडे जातील..."

"मग राहू दे?"

"मी असेन ना घरी."

माझ्या हाताला चिकटलेला पिवळ्या रंगाचा कण त्याने बोटाने अलगद टिपला, आणि मग तो हात सोडलाच नाही. मीही या वेळी नाही. खिडकीतून लख्ख सकाळ आत येत होती, आणि त्या उजेडात लपायला कुठेच जागा नव्हती.

टिकली उठली, फ्रॉकला हात पुसले आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"आई, तो खोकंवाला मुलगा म्हणजे माझे बाबा?"

"हो गं."

तिने थोडा विचार केला. कपाळावर अगदी तिच्या बाबासारखी आठी पडली.

"मग बाबा आत्ता असते, तर ते आणि चष्माकाका मित्र झाले असते?"